आउटफिल्डरचा ग्लोव्ह निवडताना

29 सप्टेंबर 1954. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर वर्ल्ड सीरिजचा पहिला सामना आठव्या इनिंगमध्ये 2-2 असा अडकला होता आणि क्लीव्हलंडचे दोन धावपटू पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर होते. व्हिक वर्ट्झनं मारलेला चेंडू सेंटर फिल्डच्या पार खोलात निघाला. जायंट्सचा विली मेज फलंदाजाकडे पाठ करून धावत सुटला आणि खांद्यावरून पुढे उतरणारा तो चेंडू त्यानं धावता धावताच ग्लोव्हमध्ये घेतला. बेसबॉलच्या इतिहासात या झेलाला वेगळं नावही लागत नाही, नुसतं ‘द कॅच’ म्हटलं की पुरतं. पण मला त्या प्रसंगातला पुढचा क्षण जास्त महत्त्वाचा वाटतो. मेजनं गर्रकन वळून ग्लोव्हमधला चेंडू काढला आणि परत फेकला. त्यामुळे दुसऱ्या बेसवरच्या लॅरी डोबीला तिसऱ्यापर्यंतच जाता आलं, पहिल्यावरचा धावपटू जागचा हलला नाही. क्लीव्हलंडला धाव मिळाली नाही आणि दहाव्या इनिंगमध्ये जायंट्सनी सामना जिंकला.

आउटफिल्डरच्या ग्लोव्हकडून काय हवं असतं, ते सगळं या एका झेलात आहे. ग्लोव्ह चेंडूपर्यंत पोचला पाहिजे, चेंडू आत आल्यावर मिटला पाहिजे आणि दुसऱ्याच क्षणी चेंडू हाती दिला पाहिजे. या तीन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. लांब ग्लोव्ह दूर पोचतो, पण मिटायला जड जातो. खोल ग्लोव्ह चेंडू घट्ट धरतो, पण त्यातून चेंडू शोधून काढायला वेळ लागतो. दुकानात गेलेला माणूस बहुधा लांबीच बघतो. माझ्या मते सगळ्यात आधी बघावं ते मिटणं. जो ग्लोव्ह खेळाडूला मिटता येत नाही, त्याची लांबी काही कामाची नाही.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना ग्लोव्ह म्हणजे हाताला मार लागू नये म्हणून घातलेली गादी वाटते. बेसबॉलमध्येही सुरुवात तशीच झाली. 1870च्या दशकात काही खेळाडू बोटं कापलेले साधे कातडी हातमोजे घालू लागले आणि चेंडू तळव्यातच झेलला जाई. मोठा बदल झाला तो 1920च्या सुमारास. सेंट लुइस कार्डिनल्सचा पिचर बिल डोक यानं रॉलिंग्ज कंपनीला सुचवलं की अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कातडी वाद्यांची जाळी ओवावी. तेव्हापासून झेलाची जागा तळव्यावरून सरकून अंगठा-तर्जनीच्या मधल्या खोलगट भागात आली. खेळाडू त्या भागाला पॉकेट म्हणतात आणि वरच्या जाळीला वेब. आजचा प्रत्येक ग्लोव्ह डोकच्या त्या कल्पनेवर उभा आहे. म्हणून ग्लोव्ह हातात घेतला की आधी तळव्याची जाडी चाचपू नका. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चेंडू कुठे बसेल, ते बघा.

चेंडूचं माप लक्षात ठेवलं तर पुढचं सोपं जातं. बेसबॉलचा चेंडू 5 ते सव्वापाच औंसांचा, म्हणजे सुमारे 142 ते 149 ग्रॅम असतो आणि त्याचा घेर 9 ते सव्वानऊ इंच. सॉफ्टबॉलचा मोठा चेंडू सुमारे 12 इंच घेराचा. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांमध्ये हे दोन्ही खेळ खेळले जातात, त्यामुळे एकच ग्लोव्ह दोन्हीकडे चालवण्याचा मोह होतो. सॉफ्टबॉलसाठी बनवलेल्या ग्लोव्हचं पॉकेट मोठ्या चेंडूच्या मापानं रुंद आणि खोल असतं. त्यात बेसबॉलचा चेंडू इकडेतिकडे सरकतो आणि फेकायच्या वेळी बोटांना सापडत नाही. उलट बाजूनं, बेसबॉलच्या ग्लोव्हमध्ये सॉफ्टबॉल पुरता आत बसत नाही. मुलगा किंवा मुलगी मुख्यतः कोणता खेळ खेळते, ते ठरवूनच खरेदीला निघावं.

आता लांबी. ग्लोव्हचं माप इंचात सांगतात आणि ते बहुधा तळव्यावर, अंगठ्यावर किंवा करंगळीच्या बाजूला छापलेलं असतं. बोटाच्या टोकापासून पॉकेटच्या वळणातून खाली टाचेपर्यंत टेप फिरवून ते मोजलं जातं. मेजर लीगच्या नियमानुसार क्षेत्ररक्षकाचा ग्लोव्ह 13 इंचांपेक्षा लांब आणि पावणेआठ इंचांपेक्षा रुंद असता कामा नये. इनफिल्डर साधारण सव्वाअकरा ते पावणेबारा इंचांचा ग्लोव्ह वापरतात, कारण त्यांना जमिनीवरून आलेला चेंडू उचलून तत्क्षणी फेकायचा असतो आणि उथळ पॉकेटमधून तो लवकर निघतो. आउटफिल्डरला तेवढी घाई नसते, पण अंतर फार असतं. झेप घेतल्यावर शेवटचा एखादा इंचही झेल आणि हुकलेला चेंडू यांत फरक करतो. म्हणून प्रौढ आउटफिल्डर साडेबारा ते पावणेतेरा इंच घेतात, काही जण पूर्ण 13.

लहान मुलांना मात्र हे आकडे लावू नयेत. अमेरिकेत आपल्या कितीतरी मराठी घरांतली मुलं लिटल लीगमध्ये खेळतात आणि आईवडील शाळेच्या बुटांसारखा ग्लोव्हही ‘वाढत्या अंगाचा’ घेतात. ही काटकसर महाग पडते. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हातात पावणेतेरा इंची कडक ग्लोव्ह दिला की त्याला तो एका हातानं मिटता येत नाही. मग मूल चेंडूकडे हात नेण्याऐवजी ग्लोव्ह ताटासारखा पसरून उभं राहतं आणि चेंडू त्यात आपटून बाहेर उडतो. अशी लागलेली सवय पुढे सोडवणं कठीण असतं. या वयात 11 ते साडेअकरा इंच पुरतात, बारा-तेरा वर्षांच्या आउटफिल्डरला 12च्या आसपास. शिवाय आपल्या लीगचा मापाचा नियम खरेदीआधी विचारून घ्यावा.

हात कोणता, यावरही दुकानात हमखास गोंधळ होतो. ग्लोव्ह फेकण्याच्या हातात नव्हे, दुसऱ्या हातात घालतात. अमेरिकी लेबलवर ‘राइट हँड थ्रो’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ उजव्या हातानं फेकणारा, म्हणजे ग्लोव्ह डाव्या हाताचा. ऑनलाइन मागवताना हे दोनदा वाचा.

वेबच्या बाबतीत आउटफिल्डरची पसंती बहुतेक दोन प्रकारांत वाटली जाते. एच-वेबमध्ये कातड्याच्या दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारी एक आडवी पट्टी असते, बाकी सगळं वाद्यांनी बांधलेलं. ट्रॅपीझमध्ये मधोमध एकच उभी पट्टी असते आणि दोन्ही बाजूंनी वाद्या तिला ओढून धरतात. एच ताठ राहतो, जोरात आलेल्या चेंडूनं मागे वाकत नाही. ट्रॅपीझ लवचीक असतो आणि त्याची खोली जास्त असते, त्यामुळे बोटांच्या टोकाशी अडकलेला चेंडूही बऱ्याचदा आत राहतो. दोन्हींमध्ये फटी आहेत, आणि आउटफिल्डमध्ये त्या फटींचं काम आहे. उंच उडालेला चेंडू थेट सूर्याच्या तोंडावर आला की खेळाडू ग्लोव्ह वर धरून सूर्य झाकतो आणि वेबच्या फटीतून किंवा कडेनं चेंडूवर नजर ठेवतो. पिचरला याच्या उलट हवं असतं. त्याची चेंडूवरची पकड फलंदाजाला दिसू नये म्हणून तो बंद वेब घेतो. पिचिंगही करणारा आणि आउटफिल्डमध्येही उभा राहणारा शाळकरी खेळाडू असेल तर मी बंद वेबच्या बाजूनं कौल देईन. सूर्यासाठी गॉगल आहे, पकड लपवायला दुसरं काही नाही.

हात आत घालण्याची एक पद्धत आउटफिल्डरांमध्ये फार चालते. करंगळीच्या खणात करंगळी आणि अनामिका दोन्ही घालायच्या, मग बाकीची बोटं एकेक खण सरकतात आणि तर्जनीचा खण रिकामा राहतो. असं केलं की ग्लोव्ह मिटण्याची घडी तळव्याच्या मध्याकडे जाते, पॉकेट खोल होतं आणि चेंडू तर्जनीच्या मुळाशी आपटून झोंबत नाही. नवा ग्लोव्ह निवडताना ही पद्धत वापरून बघा. करंगळीच्या खणात दोन बोटं मावत नसतील तर पुढे ती मावणार नाहीत, कारण कातडं लांबीला ताणलं तरी शिवण ताणत नाही.

कातड्याविषयी थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण किंमत तिथेच ठरते. चांगले ग्लोव्ह फुल-ग्रेन कातड्याचे असतात, म्हणजे वरचा घट्ट धाग्यांचा थर तासून काढलेला नसतो. त्यात स्टीअरहाइड म्हणजे खच्ची केलेल्या बैलाचं कातडं. ते जाड, जड आणि टिकाऊ असतं, आकार वर्षानुवर्षं धरून ठेवतं, पण हाताला रुळायला वेळ घेतं. किप हे तरुण गुरांचं कातडं. ते हलकं, बारीक पोताचं आणि लवकर आकार घेणारं असतं, म्हणून महागही. शिकागोची हॉरवीन ही 1905 सालापासूनची टॅनरी या धंद्यात मोठं नाव आहे. टेक्सासमधल्या नोकोना गावात 1934 पासून ग्लोव्ह बनतात आणि तिथली कंपनी अमेरिकन बायसन आणि कांगारूचं कातडंही वापरते. ज्या घरांना गाईबैलाचं कातडं नको असतं, त्यांना ही माहिती उपयोगी पडेल. पूर्ण कृत्रिम ग्लोव्हही मिळतात. लहान मुलांना एक-दोन हंगाम ते चालतात, पण त्यांचं पॉकेट हाताप्रमाणे घडत नाही आणि घडी पडते तिथे ते फाटतात. स्वस्त मालात अनेकदा फक्त तळवा कातडी असतो आणि मागची बाजू कृत्रिम. वादी ओवायच्या भोकांच्या कडा बघा. कातड्याची कड तंतुमय दिसते, कृत्रिम मालाची कड प्लास्टिकसारखी गुळगुळीत असते किंवा खाली कापड दिसतं. विल्सनचा ए2000 (1957 पासून बाजारात) किंवा रॉलिंग्जचा हार्ट ऑफ द हाइड यांसारख्या नावाजलेल्या ग्लोव्हना 300 डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. हायस्कूलच्या संघात नियमित खेळणाऱ्यासाठी हे पैसे मी आनंदानं खर्च करीन, दहा वर्षांच्या मुलासाठी नाही.

दुकानात एवढं करा. ग्लोव्ह टाचेवर उभा ठेवा. चांगलं कातडं स्वतःच्या ताठपणावर उभं राहतं, बोटं कोलमडत नाहीत. मग हात घालून मनगटाचा पट्टा आवळा आणि हात खांद्याच्या रेषेत आडवा धरून ठेवा. काही क्षणांतच मनगट खाली झुकू लागलं तर तो ग्लोव्ह जड आहे, नववी इनिंग तर दूरच राहिली. आता मिटा. अंगठ्याचं टोक अनामिका-करंगळीच्या दिशेनं यायला हवं. प्रौढाचा नवा ग्लोव्ह पूर्ण मिटणार नाही, पण हलला पाहिजे. दुकानातच लोण्यासारखा मऊ असलेला महाग ग्लोव्ह मात्र घेऊ नका. त्याचं निम्मं आयुष्य कारखान्यात किंवा दुकानाच्या वाफेत खर्च झालेलं असतं.

रुळवण्याचा खरा मार्ग म्हणजे जोडीदाराबरोबर रोज चेंडू फेकणं आणि झेलणं. जिथे चेंडू वारंवार लागतो तिथेच पॉकेट घडतं, म्हणून पहिल्या दिवसापासून चेंडू योग्य जागी घ्यावा. पहिली घडी जिथे पडते, तिथेच ग्लोव्ह जन्मभर मिटतो. मध्ये मध्ये लाकडी मोगरीनं पॉकेटमध्ये ठोकलं तर काम लवकर होतं. ग्लोव्हसाठी मिळणारं क्रीम किंवा तेल बोटावर घेऊन घडीला आणि वाद्यांना पातळसं चोळावं. खोबरेल तेल ओतू नये. कातडं ते पिऊन जड आणि लुळं होतं. ओव्हन आणि मायक्रोवेव्हचे प्रयोग तर अजिबात नकोत, उष्णतेनं कातडं कोरडं पडतं आणि वाद्या ठिसूळ होतात.

खेळ संपला की पॉकेटमध्ये एक चेंडू ठेवून ग्लोव्ह बांधून ठेवावा, किटबॅगच्या तळाशी चेपू नये. भिजला तर फडक्यानं टिपून सावलीत, वाऱ्यावर वाळवावा, उन्हात नाही. मुंबई-कोकणात जुलैमध्ये बंद कपाटातल्या कातड्यावर बुरशी धरते, तेव्हा तो उघड्यावर ठेवा आणि दर आठवड्याला एकदा तरी हातात घाला.

कातड्याच्या आधी वाद्या जातात, त्यातही वेबच्या वरच्या टोकाची वादी सगळ्यात आधी. सामन्यापूर्वी ती ओढून बघण्याची सवय असावी, कारण वादी नेमकी चेंडू आत शिरतानाच तुटते. रॉहाइडची नवी वादी आणि बोथट टोकाची ओवायची सुई घेऊन हे काम घरी करता येतं, आपल्याकडचा चपला-बूट शिवणारा कारागीरही उत्तम करून देतो. त्याला एवढंच सांगा की सगळ्या वाद्या एकदम सोडू नकोस. एक काढायची, तिच्याच वाटेनं नवी ओवून आवळायची, मग दुसरीला हात लावायचा.