चंचल बालकाचा बुद्ध्यंक कसा वाचावा?

बालकाचे चित्त अभ्यासात लागत नाही अशी तक्रार आणि सोबत बुद्ध्यंकाचा अहवाल घेऊन पालक वैद्याकडे येतात, तेव्हा अहवालातील एकच आकडा त्यांना पाठ असतो. वैद्यानेही तेवढाच आकडा पाहून मेध्य औषधी लिहून देणे उचित नव्हे.

बिने व सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिस येथे रचलेली मापनश्रेणी शाळेत विशेष साहाय्य लागणारी मुले ओळखण्यासाठी होती. कामत यांनी तिचे मराठी व कानडी रूपांतर केले. पुढे वेक्सलर यांच्या श्रेणीवरून मालिन यांची भारतीय बालकांसाठीची चाचणी १९६९ साली प्रसिद्ध झाली. वेक्सलर पद्धतीत सरासरी १०० धरली जाते. मात्र एकूण अंक अनेक उपचाचण्यांतून सिद्ध होतो, आणि अवधानदोष असलेल्या बालकाच्या बाबतीत मर्म तेथेच आहे. ऐकलेले आकडे उलट क्रमाने सांगणे किंवा ठरावीक वेळात चिन्हे भरत जाणे यांत असे बालक मागे पडते. समजा, शाब्दिक आकलन १०८ व तर्क १०४ असून कार्यकारी स्मृती ८२ व गती ८० आली, तर एकूण अंक शंभराच्या खाली उतरतो. त्यास मंदबुद्धी ठरविणे हा अन्यायच होय. उलटपक्षी, उत्तम बुद्ध्यंकामुळे अवधानदोष नाही असेही सिद्ध होत नाही. त्याचे निदान घर व शाळा या दोन्ही ठिकाणच्या वर्तनावरून होते.

कार्यकारी स्मृती म्हणजेच आपली 'स्मृती', असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. चरकांनी धृतीस नियमन करणारी म्हटले आहे. या बालकांचा दोष तिच्याशी अधिक जुळतो.

म्हणून रुग्णपत्रिकेत एकूण अंकाबरोबर उपचाचण्यांचे अंक, चाचणीची भाषा व त्या दिवशीची निद्रा यांची नोंद करावी. श्रवण, दृष्टी व रक्ताल्पता तपासून घ्यावी.

औषधी विक्रेत्या बंधूंना एक विनंती. तीन महिन्यांत तीच चाचणी पुन्हा दिली तर सरावानेही गुण वाढतात. ती वाढ शंखपुष्पीच्या सिरपची म्हणून ग्राहकास सांगू नये.