खोडीसकट दुरुस्ती

झेडएक्स स्पेक्ट्रमचं झाकण उघडताना पहिली जाते ती कीबोर्डची पट्टी. रबरी कळांखाली पातळ प्लास्टिकची मेम्ब्रेन असते आणि तिच्या दोन शेपट्या मदरबोर्डवरच्या सॉकेटांत खोचलेल्या असतात. चाळीस वर्षांत त्या प्लास्टिकमधला लवचीकपणा पार संपतो. जरा ओढलं की ते कडकन तुटतं. नवी मेम्ब्रेन आज विकत मिळते, जुनीपेक्षा टिकाऊ मिळते, बसवायलाही सोपी असते. बाकीचं काम इतकं सरळ नाही.

माझ्या टेबलावर आलेला स्पेक्ट्रम पुण्यातल्या एका निवृत्त प्राध्यापकांचा. ऐंशीच्या दशकात इंग्लंडहून परतताना त्यांनी तो आणला होता. सिंक्लेअर रिसर्चने २३ एप्रिल १९८२ रोजी हा संगणक जाहीर केला: १६ केचा १२५ पौंडांना, ४८ केचा १७५ पौंडांना. जुळणी स्कॉटलंडमधल्या डंडी इथे, टायमेक्सच्या कारखान्यात होई. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतातही ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ विकला, त्यामुळे आपल्याकडच्या काही घरांत तो अजून माळ्यावर सापडतो. सरांना तो शोकेसमध्ये ठेवायचा नव्हता. “पडद्यावर नुसत्या उभ्या पट्ट्या येतात, बघ काय होतंय का,” एवढंच ते म्हणाले.

स्पेक्ट्रमचे खेळ हल्ली फोनवरही चालतात. जुन्या रूपाची नवी पेटीसुद्धा बाजारात आली आहे. तिच्या आत आधुनिक प्रोसेसर जुन्याची नक्कल करतो. ती वाईट नाही, पण ती दुरुस्ती नव्हे. दुरुस्तीत नवा भाग जुन्याच्या जागी बसवायचा असतो आणि शेजारच्या भागांना त्याचा पत्ता लागू द्यायचा नसतो.

उभ्या पट्ट्या म्हणजे बहुधा खालची रॅम. या संगणकात दोन प्रकारची मेमरी आहे. खालची १६ के म्हणजे ४११६ या क्रमांकाच्या आठ चिपा. त्यांना तीन व्होल्टेज लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. मल्टिमीटरचं टोक पहिल्या पायावर टेकवलं की उणे ५ दिसायला हवेत, आठव्यावर १२, नवव्यावर ५. सरांच्या बोर्डवर पहिल्या पायाला शून्य होतं. उणे ५ गेले आणि १२ चालू राहिले की ४११६ जळते. ही दोन्ही व्होल्टेज एकाच कॉइलभोवतीच्या सर्किटमधून येतात, त्यात टीआर ४ नावाचा ट्रान्झिस्टर आहे. चिप शॉर्ट झाली की ट्रान्झिस्टर जातो आणि ट्रान्झिस्टर गेला की उरलेल्या चिपा जातात. म्हणून एकच चिप बदलून गप्प बसणारा कारागीर महिन्याभरात पुन्हा तेच झाकण उघडतो.

वरच्या ३२ केची गोष्ट वेगळीच आहे. तिथल्या ४५३२ चिपा म्हणजे मुळात ६४ किलोबिटच्या, पण निम्मा भाग सदोष निघालेल्या. त्या स्वस्तात मिळत. चांगला अर्धा भाग कोणता हे बोर्डवरच्या तारेच्या जोडणीने ठरवलं जाई. काटकसर म्हणावी तर अशी! आज तिथे पूर्ण चांगल्या ४१६४ बसवता येतात आणि त्यांना एका ५ व्होल्टवर भागतं.

खालच्या रॅमसाठी मी जुन्या ४११६ शोधत बसलो नाही. बाजारात मिळतात त्या कुणाच्या तरी बोर्डवरून काढलेल्याच असतात. त्याऐवजी आठही सॉकेटांवर आडवी बसणारी छोटी पट्टी केली: एक स्टॅटिक रॅम, एक लॅच, दोनचार गेट. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत सॉकेट, पिना, कॅपॅसिटर मिळाले. पीसीबी बाहेरून बनवून घेतला. पट्टीवर १ आणि ८ नंबरच्या पायांना काहीच जोडलेलं नाही, म्हणजे उणे ५ आणि १२ व्होल्टचं तिला सोयरसुतक नाही.

कागदावर हे सोपं दिसतं. ४११६ ला १४ बिटांचा पत्ता सात-सात बिटांच्या दोन हप्त्यांत दिला जातो, आधी ओळ आणि मग स्तंभ. स्टॅटिक रॅमला मात्र सगळा पत्ता एकदम लागतो. म्हणून ओळ लॅचमध्ये धरून ठेवायची आणि स्तंभ आला की दोन्ही मिळून रॅमला द्यायचे. लॅच करायचा तर दोन्ही हप्ते का नको, असं कुणाच्याही मनात येईल. पण पडद्याचं चित्र वाचणारी चिप एकदा ओळ सांगून त्याच ओळीतले दोन स्तंभ लागोपाठ मागते: पहिल्यात ठिपक्यांचा बाइट, दुसऱ्यात रंगांचा. पट्टी पहिला स्तंभ धरून बसली तर ठिपक्यांचाच बाइट रंग म्हणून वाचला जाणार. म्हणून स्तंभ धरायचा नाही, सरळ वाहू द्यायचा. आणि ज्या क्षणी रॅमला विचारलेलं नाही त्या क्षणी तिने डेटाच्या तारांवर अवाक्षर काढायचं नाही. स्पेक्ट्रममध्ये प्रोसेसरच्या आणि चित्राच्या डेटा-तारांमध्ये बफर चिपा नाहीतच. ४७० ओहमचे आठ रेझिस्टर आहेत आणि दोन्ही बाजूंची ओढाताण तेच सोसतात.

जुन्या चिपा काढणं हे यातलं सगळ्यात कष्टाचं काम. हा बोर्ड पातळ, त्यावरचे ट्रॅक नाजूक, आणि उष्णता जास्त झाली की पॅड उखडून हातात येतं. चिप वाचवण्याचा मोह सोडावा. पाय कटरने कापावेत, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने ओढावा, भोकं डिसोल्डर पंपाने साफ करावीत. चिप मेलेलीच आहे, बोर्ड जिवंत राहायला हवा.

पट्टी बसवून, टीआर ४ बदलून, फुगलेले कॅपॅसिटर काढून वीज दिली की स्पेक्ट्रम स्वतःच आपली तपासणी करतो. रॉममधला प्रोग्राम सगळ्या रॅममध्ये २ हा आकडा भरतो, म्हणून काळ्या पडद्यावर क्षणभर बारीक लाल उभ्या रेघा उमटतात. मग तो प्रत्येक बाइट तपासत वर चढतो, रेघा पुसल्या जातात, पडदा पांढरा होतो आणि तळाशी सिंक्लेअरची ओळ येते. तपासणीत जिथे पहिला सदोष बाइट लागेल तिथे रॅम संपली असं तो समजतो. वरची रॅम पूर्ण बिघडलेला ४८ केचा स्पेक्ट्रम त्यामुळे तक्रार न करता १६ केचा म्हणून वागतो. खरं काय ते २३७३२ आणि २३७३३ या पत्त्यांवर ‘पीक’ केलं की कळतं: हिशेब ६५५३५ आला तर सगळी रॅम शाबूत, ३२७६७ आला तर वरची गेलेली. सरांचा ६५५३५ आला.

वीजपुरवठ्यातला मूळचा ७८०५ रेग्युलेटर ९ व्होल्टचे ५ करताना उरलेली वीज उष्णतेत घालवतो; तेवढ्यासाठी आत ॲल्युमिनियमचा मोठा पत्रा आहे. तिथे तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर बसवला की पेटी गार राहते. १२ व्होल्टचं सर्किट मात्र काढता येत नाही, कारण रंगीत सिग्नल तयार करणारी चिप त्यावर चालते.

आता ती चित्र वाचणारी चिप: फेरांटी कंपनीत बनलेली युएलए. रिचर्ड ऑल्टवॉसर यांनी तिची रचना केली. चित्र, आवाज, कीबोर्ड, टेप आणि प्रोसेसरचं घड्याळ हे सगळं तीच सांभाळते. ती मेली तर मूळ नमुन्याची नवी कुठेही बनत नाही. क्रिस स्मिथ यांनी तिच्या आतल्या जाळीचा अभ्यास करून २०१० साली तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. आजच्या बदली युएलए उभ्या आहेत त्या अशा कामावर.

भंगारात मिळालेल्या दुसऱ्या बोर्डसाठी मी तशी एक जुळवली. एका प्रोग्रामेबल चिपमध्ये गेट बसवायचे, चाळीस पायांवर जुन्या सॉकेटात खोचायचं. पडद्यावर चित्र येणं हा कामाचा लहान भाग आहे. प्रत्येक चित्राला प्रोसेसरचे बरोबर ६९,८८८ ठोके पडले पाहिजेत. खालच्या रॅमवर युएलए आणि प्रोसेसर एकाच वेळी आले तर युएलए प्रोसेसरचं घड्याळच थांबवते. हा थांबा कधी सहा ठोक्यांचा, कधी पाच, चार, असा उतरत जातो, आणि पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे काढणारे प्रोग्राम याच हिशेबावर लिहिलेले आहेत. रिकामा पोर्ट वाचला तर युएलए त्या क्षणी उचलत असलेला चित्राचा बाइट हाती लागतो. ही ठरवून दिलेली सोय नव्हती, स्वस्त वायरिंगचा तो परिणाम होता. पण ‘आर्कनॉइड’, ‘कोब्रा’ यांसारखे खेळ त्यावरच वेळ साधतात. नीटनेटकी, ‘सुधारलेली’ युएलए बनवली तर हे खेळ अडकतात. म्हणून मी तिला खोडीसकट बनवण्याच्या बाजूचा आहे. प्रोसेसरच्या रिफ्रेशचा पत्ता खालच्या रॅमवर पडला की मूळ यंत्रात चित्रावर बर्फ पडल्यासारखे ठिपके येतात, तेही राहू द्यावेत.

मूळ यंत्रालाही ठिगळं होतीच. सुरुवातीच्या काही बोर्डांवर युएलएतली चूक झाकण्यासाठी एक छोटी चिप पाय वर करून तारांनी जोडलेली आहे. इंग्रज कारागीर तिला मेलेलं झुरळ म्हणतात.

सरांच्या स्पेक्ट्रममधली युएलए जिवंत आहे, म्हणून तिला हात लावला नाही. फक्त एक हीटसिंक चिकटवला. नवे भागही जुने होत आहेत. १९७६ पासून बनत आलेल्या झेड ८० प्रोसेसरच्या ऑर्डर झायलॉगने जून २०२४ नंतर बंद केल्या. बदली युएलएसाठी वापरल्या जाणाऱ्या, ५ व्होल्ट सोसणाऱ्या प्रोग्रामेबल चिपांच्या एका लोकप्रिय मालिकेचं उत्पादन थांबवण्याची घोषणाही त्याच वर्षी झाली. एखाददुसरी जास्त घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

तुमच्या माळ्यावर असा स्पेक्ट्रम असेल तर एक करा: घरात पडलेला कुठलाही ९ व्होल्टचा ॲडॅप्टर त्याला लावू नका. आजच्या बहुतेक ॲडॅप्टरच्या पिनेत मध्यभागी अधिक असतं, स्पेक्ट्रमला मध्यभागी उणे लागतं. आधी मल्टिमीटरने बघा, मगच वीज द्या.