छत्री, पेरणी आणि चुना

पृथ्वीचे तापमान जाणूनबुजून, मोठ्या प्रमाणावर बदलू पाहणाऱ्या योजनांना भू-अभियांत्रिकी म्हणतात. सूर्याचा थोडा प्रकाश परत पाठवणे ही तिची एक वाट, हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून घेणे ही दुसरी. पहिली वाट अजून बहुतांशी संगणकातील प्रतिमानांतच आहे. तिचे छायाचित्र मिळत नाही, म्हणून लेखांसोबत रूपकचित्रे छापली जातात आणि बरेच गैरसमज त्या चित्रांतूनच रुजतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या आणि कपाशी, सोयाबीन, तूर पावसाच्या भरवशावर पेरणाऱ्या अकोला-अमरावतीत ही चित्रे नीट वाचता येणे महत्त्वाचे आहे.

गैरसमज : कृत्रिम पावसाचे विमान म्हणजेच भू-अभियांत्रिकी.
महाराष्ट्र सरकारने २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. पंखांवर नळकांडी पेटलेले विमान तेव्हापासून लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. हा प्रयोग मात्र ठरावीक ढगापुरता आणि काही तासांपुरता असतो. पृथ्वीच्या तापमानाशी त्याचा संबंध नाही. ‘ढगांत पेरणी’ हे रूपकही जपून घ्यावे लागते. शेतात सरकीचे एक बी टाकले की झाड उभे राहते. ढगात टाकलेले मिठाचे किंवा सिल्व्हर आयोडाइडचे कण पाणी निर्माण करत नाहीत; ढगात आधीच असलेल्या बाष्पाला आणि थेंबांना ते एकत्र यायला मदत करतात. म्हणून मृग कोरडा गेला आणि आभाळ निरभ्र राहिले, तर विमान काहीच करू शकत नाही. दुबार पेरणीच्या काठावर बसलेल्या शेतकऱ्याला ही मर्यादा आधी सांगायला हवी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने सोलापूर परिसरात केलेल्या अभ्यासात, योग्य ढग निवडले असता सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. ही वाढ खरी आहे, पण ती असलेल्या पावसातली वाढ आहे.

गैरसमज : विमानामागची पांढरी रेघ म्हणजे फवारणी.
प्रवासी विमाने साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवरून जातात. इंजिनातून निघालेली वाफ तिथल्या थंडीत गोठते आणि रेघ दिसते. सूर्यप्रकाश परतवण्याच्या योजनांत कण त्याहून बरेच वर, स्थितांबरात, सोडावे लागतील. ही रेघ भू-अभियांत्रिकीवरच्या लेखांसोबत छापणे ही निव्वळ चूक आहे.

गैरसमज : छत्री हवी तेव्हा उघडता-मिटता येते.
सूर्यप्रकाश परतवणारी चित्रातली ही छत्री म्हणजे प्रत्यक्षात गंधकयुक्त कणांचे विरळ धुके असेल. ते अकोल्यावर धरून बाकीचे आकाश मोकळे ठेवता येणार नाही. वारे त्याला जगभर पसरवतील. फिलिपाइन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीने जून १९९१ मध्ये दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला, तेव्हा पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने थंडावली. हे उदाहरण योजनेचा पुरावा म्हणून नेहमी दाखवले जाते. पण तो थंडावा दोन-तीन वर्षांत ओसरला, आणि स्फोटानंतरच्या वर्षात जगभरच्या जमिनीवरचा पाऊसही घटला. ही दुसरी बाजू चित्रात क्वचितच येते.

गैरसमज : तापमानाचे बटन फिरवले की काम झाले.
वऱ्हाडातला कूलर याचे चांगले उत्तर आहे. तो खोली थंड करतो तेव्हा हवेतला ओलावाही बदलतो. म्हणूनच जुलैत तोच कूलर नकोसा होतो. पृथ्वीवरही तापमान आणि पाऊस वेगवेगळ्या बटनांवर नाहीत. जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, हे मोसमी वाऱ्यांमागचे एक मोठे कारण आहे. सूर्यप्रकाश कमी केल्यास हा फरक घटून आशियातला मोसमी पाऊस कमी होऊ शकतो, असे काही प्रतिमाने दाखवतात. कोरडवाहू शेतीसाठी ही बाब अर्ध्या अंशाच्या थंडाव्याहून मोठी आहे.

त्यातल्या त्यात जवळचे रूपक उन्हाळ्यात गच्चीवर मारलेल्या चुन्याचे. चुना ऊन परतवतो, घरातल्या चुलीची आच कमी करत नाही. तसेच हे कण हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी करणार नाहीत आणि समुद्राचे आम्लीकरणही थांबवणार नाहीत. चुना उडाला की तो पुन्हा मारावा लागतो. कण वर्ष-दोन वर्षांत खाली बसतील आणि मध्येच काम बंद पडले, तर दबलेली तापमानवाढ दशक-दोन दशकांत उसळून येईल. एका बाबतीत मात्र हे रूपकही अपुरे आहे. आपल्या गच्चीवर चुना मारणाऱ्याला शेजाऱ्याची संमती लागत नाही. आकाश सर्वांचे आहे, आणि त्याचे नियम ठरलेले नाहीत. २०१० मध्ये जैवविविधता कराराच्या नागोया बैठकीत देशांनी अशा योजनांबाबत सावधगिरीचा ठराव केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नैरोबीच्या पर्यावरण सभेत सूर्यप्रकाश परतवण्याच्या प्रश्नावर देशांचे एकमत झाले नाही.