फोन अडकला? आधी हे करा

साखरखेर्ड्याच्या शिवारात, सोयाबीनच्या धुऱ्यावर ई-पीक पाहणीचा फोटो काढतानाच स्क्रीन गोठते. राज्यात २०२१पासून शेतकरी पिकाची ही नोंद मोबाइलवर करतात, त्यामुळे ही अडचण साधी नाही.

अनेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र १०-२० सेकंद दाबून धरा. कंपनीचं नाव दिसलं की सोडा. फोटो, नंबर पुसले जात नाहीत. काळा मेनू उघडलाच तर ‘रिबूट’ निवडा. ‘वाइप डेटा’ला चुकूनही हात लावू नका, त्याने सगळंच जातं.

फोन तापला असेल तर कव्हर काढून सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये कधीच नको, आत ओल धरते. वारंवार अडकत असेल तर बहुधा जागा भरलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवरचे जुने व्हिडिओ आधी काढा.