सावलीतली बाग : आधी सावली ओळखा, मग झाड निवडा

(नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सुरुवात घरच्या गोष्टीने करतो. पंचवटीतला वाडा सोडून आम्ही फ्लॅटमध्ये राहायला गेलो, तेव्हा आईने वृंदावनातली तुळस कुंडीत घालून सोबत नेली. वाड्यात ती चौकात होती, वर उघडं आकाश. इथे तिच्या वाट्याला मागची गॅलरी आली आणि समोर हाताच्या अंतरावर शेजारची इमारत. दोन महिन्यांत तुळस वाळली. आईने दुसरी लावली, तीही गेली. आई बोलत नसे, पण घरावर काही संकट येणार की काय, ही भीती तिने मनात धरली होती. खरं कारण साधं होतं. तुळशीला रोज चार-पाच तास ऊन लागतं आणि त्या गॅलरीत ते येतच नव्हतं. तिसरी तुळस आम्ही पूर्वेच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवली. ती छान वाढली.

"माझ्या हाताला झाड लागत नाही," असं बरेच जण म्हणतात. बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो, जागेचा असतो. आपलं नाशिक म्हणजे मोगलांच्या काळातलं गुलशनाबाद. फुलांची हौस आपल्या रक्तातच! नर्सरीत उन्हात फुललेला गुलाब दिसतो, आपण तो घरी आणून सावलीत ठेवतो आणि महिन्याभरात नुसत्या काड्या उरतात. गुलाब, मोगरा, जास्वंद, झेंडू, शेवंती ही सगळी उन्हाची मंडळी. सावलीत ती जगली तरी फुलत नाहीत.

आता सावली म्हणजे काय, ते बघू. भर दुपारी झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावली ठसठशीत पडली तर उजेड भरपूर आहे. कडा पुसट दिसल्या तर मध्यम. सावली जवळजवळ दिसलीच नाही तर ती गडद सावलीची जागा. खर्च शून्य.

पण ही पाहणी एकदा करून भागत नाही, कारण सूर्य जागा बदलतो. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २० मेच्या आसपास आपल्याकडे शून्य सावली दिवस येतो आणि त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणून वर्षभर सावलीत असणाऱ्या उत्तरेच्या गॅलरीत मे-जूनला सकाळ-संध्याकाळ ऊन शिरतं आणि नाजूक पानं करपतात. उलट डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पार आतपर्यंत येतं. वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि डिसेंबरात, जागा तपासा.

आता झाडं.

गडद सावलीत स्नेक प्लांट, झेडझेड आणि मनी प्लांट लावा. झेडझेड जमिनीखालच्या गड्ड्यांत पाणी साठवतं, त्यामुळे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेतही तग धरतं.

मध्यम उजेडात सिंगोनियम, अ‍ॅग्लोनेमा, स्पायडर प्लांट, पीस लिली. नेचे आणि कॅलेथियाही चालतात, पण त्यांना दमट हवा लागते. आपल्या उन्हाळ्यात त्यांच्या पानांची टोकं जळतात. कुंड्या एकमेकींजवळ ठेवा, खाली ओले खडे घातलेली ताटली ठेवा. फरक पडतो.

सकाळचं तास-दोन तास ऊन किंवा झाडाखालचं कवडशाचं ऊन मिळत असेल, तर मात्र तुमची चैन आहे! तिथे अबोली फुलते. ओल टिकत असेल तर सोनटक्का येतो. हळद, आलं, अळू, पुदिना, अडुळसा, सगळं जमतं. विड्याच्या पानांचा वेल आठवा. पानमळ्यात शेवरी, हादगा, शेवगा आधी लावतात आणि त्यांच्या सावलीत वेल चढवतात. आपला शेतकरी सावलीचं पीक पिढ्यान्‌पिढ्या घेत आलाय.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी. सावलीतली झाडं तहानेपेक्षा जास्त पाण्याने मरतात. ऊन नाही, म्हणजे माती लवकर सुकत नाही. आपण मात्र प्रेमाने रोज तांब्याभर ओततो. मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात आणि पानं पिवळी पडली म्हणून आपण आणखी पाणी घालतो! बोटाची दोन पेरं मातीत खुपसा. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. पावसाळ्यात तर विशेष जपा.

आणि एक सावधगिरी. अळू कच्चं खाल्लं की घसा खवखवतो, म्हणून आपण चिंच घालून शिजवतो. तसेच सुईसारखे स्फटिक मनी प्लांट, पीस लिली, अ‍ॅग्लोनेमा, डिफेनबाखिया यांच्या पानांत असतात. घरात रांगतं मूल, कुत्रं-मांजर असेल तर या कुंड्या उंचावर ठेवा किंवा स्पायडर प्लांट निवडा.

श्रोत्यांतून प्रश्न : आंब्याखाली काहीच येत नाही. काय करावं?

तिथे अडचण फक्त सावलीची नाही. आंब्याची मुळं ओल आणि खत दोन्ही ओढून घेतात. खोडाजवळ खणू नका. घेराच्या कडेला मोठ्या कुंड्यांत हळद किंवा अबोली लावा. खाली पडलेला पाला झाडून जाळू नका, तिथेच आच्छादन म्हणून राहू द्या.

प्रश्न : सावलीत ठेवलेलं झाड मधूनमधून उन्हात ठेवावं का?

एकदम उन्हात नको, पानं भाजतात. आठवडाभर थोडं थोडं पुढे सरकवा. आणि ज्या झाडाला सतत असं हलवावं लागतं, ते त्या जागेचं झाड नाही असं समजा. सावलीत न रमणारं झाड ऊन असलेल्या शेजाऱ्यांना देऊन टाका, त्यांच्याकडून मनी प्लांटची फांदी आणा. दोन्ही घरं हिरवी होतील.