नऊ जागांचा खेळाडू : मार्तीन दिहिगो

क्रिकेटच्या सवयीमुळे ‘अष्टपैलू’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात फलंदाजी आणि गोलंदाजी या दोन्हींत तरबेज असलेला खेळाडू उभा राहतो. बेसबॉलमध्ये मात्र या शब्दाची कसोटी अधिक कडक आहे, कारण तिथे क्षेत्ररक्षण करणाऱ्या नऊ जणांच्या जागा ठरलेल्या असतात आणि प्रत्येक जागेचे कसब जवळजवळ स्वतंत्र असते. चेंडू फेकणारा पिचर ६० फूट ६ इंचांवरून, जमिनीवर टप्पा न पाडता, चेंडू फलंदाजाकडे टाकतो; तो झेलणारा कॅचर मुखवटा आणि छातीवरचे कवच घालून फलंदाजाच्या मागे उकिडवा बसतो; एकमेकांपासून ९० फुटांवर असलेल्या चार बेसच्या चौकोनाभोवती, म्हणजे ‘इनफिल्ड’मध्ये, चौघे असतात, ज्यांना पापणी लवते न लवते तोच चेंडू उचलून फेकावा लागतो; आणि उरलेल्या तिघांना दूरच्या ‘आउटफिल्ड’मध्ये लांब धाव आणि त्याहून लांब फेक साधावी लागते. यांतली एक जागा पक्की करण्यात खेळाडूची उमेदीची वर्षे निघून जातात. क्यूबाच्या मार्तीन दिहिगोची ख्याती अशी, की तो या नऊही जागांवर खेळला.

दिहिगोचा जन्म १९०६ मध्ये क्यूबातील मातान्झास प्रांतात, उसाच्या मुलखात झाला. वयाच्या सतराव्या वर्षी, १९२३ मध्ये, तो अमेरिकेत ‘क्यूबन स्टार्स’ या संघातून खेळू लागला, आणि हा संघ ज्या स्पर्धांत खेळे त्यांना ‘निग्रो लीग’ म्हणत, कारण गोऱ्यांच्या ‘मेजर लीग’ने कृष्णवर्णीय खेळाडूंना कोणत्याही लेखी नियमाची गरज न भासता दार बंद केले होते. ही बंदी देशावर नव्हे, कातडीच्या रंगावर होती. त्याच १९२३ साली हवानाचा आदोल्फो लुके हा गोऱ्या वर्णाचा क्यूबन पिचर सिनसिनाटीच्या मेजर लीग संघासाठी २७ सामने जिंकत होता. एकाच बेटावरून आलेल्या दोन खेळाडूंच्या वाटा अशा फुटल्या, हे दिहिगोच्या कारकिर्दीचे मूळ दुःख आहे, आणि त्याच्या अष्टपैलुत्वाचे कारणही काही अंशी त्यातच सापडते. निग्रो लीगच्या संघांकडे पैसा कमी आणि खेळाडू मोजकेच असल्यामुळे एखादा दुखावला की दुसऱ्याला त्याच्या जागी उभे राहावेच लागे. अर्थात अशी पाळी अनेकांवर आली. पण प्रत्येक जागी संघातल्या उत्तम खेळाडूंच्या तोडीचे खेळणे दिहिगोला जमले.

त्याची सुरुवात इनफिल्डमध्ये झाली आणि वळत येणाऱ्या ‘कर्व्ह’ चेंडूंपुढे तो आरंभी अडखळत असे, पण ही उणीव त्याने चिकाटीने भरून काढली. पुढे पल्लेदार फेकीमुळे तो आउटफिल्डमध्ये नावाजला आणि त्याच हाताच्या बळावर अव्वल दर्जाचा पिचर झाला. १९३५ मध्ये ‘न्यूयॉर्क क्यूबन्स’चा खेळाडू आणि व्यवस्थापक, म्हणजे डावपेच ठरवणारा प्रमुख, अशा दुहेरी भूमिकेत त्याने संघाला अजिंक्यपदाच्या मालिकेपर्यंत नेले, जिथे पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सने सातव्या सामन्यात त्यांना हरवले. त्याच वर्षी शिकागोतील निवडक खेळाडूंच्या सामन्यात पिचिंग करताना अकराव्या डावात म्यूल सटल्सने त्याच्या चेंडूवर निर्णायक होम रन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर धाडला. अनेक जबाबदाऱ्या पेलणाऱ्याच्या वाट्याला पराभवही अनेक तऱ्हांचे येतात.

उन्हाळ्यात अमेरिका आणि हिवाळ्यात क्यूबा, असा त्याचा वर्षभराचा फेरा असे; १९३७ मध्ये तो डॉमिनिकन प्रजासत्ताकातही खेळला. मात्र त्याच्या प्रतिभेला सर्वांत मोकळे अंगण मिळाले ते मेक्सिकोत, जिथे रंगाची अट नव्हती. १९३८ च्या मेक्सिकन लीगमध्ये व्हेराक्रूझच्या ‘आगिला’ संघाकडून पिचर म्हणून त्याने १८ सामने जिंकले आणि केवळ २ गमावले. नऊ डावांमागे पिचर सरासरी किती धावा देतो हे सांगणारा त्याचा आकडा ०.९० होता, जिथे तीनच्या आत राहणेही उत्तम समजतात. त्याच हंगामात फलंदाज म्हणून त्याची सरासरी .३८७ होती, म्हणजे दर हजार संधींमागे ३८७ यशस्वी फटके, आणि ती लीगमध्ये सर्वोच्च ठरली. एकाच खेळाडूने एकाच हंगामात दोन्ही बाजूंनी असे अव्वल राहणे बेसबॉलच्या इतिहासात विरळा आहे.

कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या मेजर लीग संघाकडून मैदानात उतरला आणि रंगाची भिंत कोसळली, तेव्हा दिहिगो चाळिशीला टेकला होता. क्यूबा आणि मेक्सिकोने त्याला आपापल्या बेसबॉल गौरव-दालनांत अमेरिकेच्या आधी स्थान दिले. अमेरिकेच्या कूपर्सटाउन येथील दालनाने ते १९७७ मध्ये दिले, त्याच्या १९७१ मधील निधनानंतर सहा वर्षांनी. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या मेजर लीगने १९२० ते १९४८ या काळातील निग्रो लीगना आपल्या बरोबरीचा दर्जा दिला, आणि त्यामुळे दिहिगोचे अमेरिकेतील आकडे अधिकृत नोंदीत आले. व्हेराक्रूझचा तो १९३८ चा हंगाम मेक्सिकोतला असल्याने त्या नोंदीत नाही.