जिवंत मेंदूत साचलेलं प्रथिन दिसतं कसं?

हिंगोली, वसमत, कळमनुरी, कुठेही जा, आजोबा नातवाचं नाव विसरू लागले की लोक म्हणतात, "वयच झालंय आता." पण अल्झायमरमध्ये मेंदूत ॲमिलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं साचत जातात. ॲमिलॉइड तर विसर पडायच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून! पूर्वी हे खात्रीने कळायचं ते मृत्यूनंतरच, मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून.

२००२ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे 'पिट्सबर्ग कंपाउंड बी' हे द्रव्य वापरून रुग्णाचा पहिला पेट स्कॅन झाला. कल्पना किती सुंदर बघा: ॲमिलॉइडला चिकटणारा थायोफ्लेविन हा पिवळा रंग थोडा बदलायचा, त्यात किरणोत्सारी कार्बन बसवायचा आणि हाताच्या शिरेतून द्यायचा. जिथे प्रथिन साचलंय तिथे तो अडकतो, स्कॅनवर तो भाग उजळतो.

त्या कार्बनचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ, फक्त २० मिनिटं. आता वापरतात त्या फ्लोरिनचं ११०. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ सालीच देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन, म्हणजे अशी किरणोत्सारी द्रव्यं बनवणारं यंत्र, सुरू झालं. पण मुंबईहून फ्लोरिनचं असं औषध गाडीने हिंगोलीला आणलं, तर दहा-बारा तासांत किरणोत्साराचे शंभरातले जेमतेम एक-दोन भाग उरतील. म्हणून हा स्कॅन मोठ्या शहरांतच होतो.

तो सगळ्यांना लागतही नाही. बी-१२ कमी असलं, थायरॉइड बिघडलं, नैराश्य आलं तरी विसर पडतो, आणि त्यावर उपचार आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी डॉक्टरांकडे न्या, रक्त तपासून घ्या. ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन: १४५६७.